कमलवहिनींच्या पिकअपचा मागचा एक्सल

जुन्या पार्टच्या दुकानात लोखंड साचतं तसे किस्सेही साचतात. फरक एवढाच की लोखंडाला कधी ना कधी ट्रक येतो, वजन होतं आणि जागा मोकळी होते. किस्से कोणी नेत नाही. साकोलीला सानगडी रोडवर दौलतभाऊंच्या दुकानात मी तेवीस वर्षांपासून मिस्त्रीकाम करतोय. घरी काही सांगायला तोंड उघडलं की बायको म्हणते, हा झाला आहे, दुसरा सांगा. म्हणून आज तुम्हाला धरलंय.

मागच्या वर्षापर्यंत दुकान म्हणजे एक पत्र्याचं शेड आणि पुढच्या मोकळ्या जागेत खोललेल्या गाड्या. दौलतभाऊ मालक, मी मिस्त्री. तिसरा मेंबर म्हणजे शेडच्या कोपऱ्यात, दोन सागाच्या ओंडक्यांवर ठेवलेला एका जुन्या पिकअपचा मागचा एक्सल. मागची दोन चाकं ज्या दांड्यावर बसतात आणि ज्याच्या मधल्या गोल डब्यातले दाते गाडीला पुढं ढकलतात, तो एक्सल. आजचे सगळे किस्से त्याचेच आहेत.

*

ती पिकअप दौलतभाऊंचीच. पण चालवायच्या त्यांच्या पत्नी, आमच्या कमलवहिनी.

दौलतभाऊंना गाडी येत नाही. आयुष्यभर गाड्यांचे पार्ट विकले, पण स्टेअरिंगला हात लावला नाही. वहिनी मात्र लग्नाआधी माहेरी ट्रॅक्टर चालवायच्या. साडीचा पदर कमरेला खोचायचा, चप्पल काढून सीटखाली सारायची आणि गाडी काढायची. धानाच्या हंगामात गावोगावची पोती राइस मिलवर पोचवायचं काम त्या दोघांनी कितीतरी वर्षं केलं. त्याच कमाईवर हे दुकान उभं राहिलं.

एकदा हायवेवर ट्राफिकवाल्यानं गाडी थांबवली. वहिनींचं लायसन पाहिलं, कागद पाहिले, सगळं बरोबर. मग फिरून दौलतभाऊंच्या खिडकीशी आला. घरचा माणूस बाजूला बसलेला आणि बाई गाडी चालवते, हे काही त्याला पटेना.

"तुम्ही काहून नाही चालवत?" त्यानं विचारलं.

"मले येत नाही साहेब."

"मंग तुम्ही काय करता?"

"मी हॉर्न वाजवतो."

आणि ते खरं होतं. स्टेअरिंगवरचं बटण केव्हाच गेलेलं. हॉर्नच्या दोन वायरी डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली लोंबत होत्या. वहिनी 'हं' म्हणाल्या की दौलतभाऊ त्या एकमेकींना टेकवायचे. ट्राफिकवाल्यानं वाजवून दाखवायला लावलं, हसला आणि सोडून दिलं. पुढं मिलवर पिकअप शिरली की हमाल ओरडायचे, वहिनी आल्या, हॉर्न पण आला!

*

वहिनी गेल्या त्याला आता सहा वर्षं झाली. आठवडाभराच्या तापाचं निमित्त झालं. त्या दिवसांबद्दल दौलतभाऊ बोलत नाहीत आणि मीही विचारत नाही.

पिकअप दोन पावसाळे तशीच उभी राहिली. चालवणारं कोणी नव्हतं आणि विकायचं नाव काढलं की दौलतभाऊ उठून चहा प्यायला जायचे. शेवटी फ्लोअर सडून गाडीत गवत उगवलं तेव्हा त्यांनी मला एकाच शब्दात सांगितलं, "खोल."

मी खोलली. इंजिन गेलं, रेडिएटर गेला, पुढची काच गेली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार एका शेतकऱ्यानं कोंबड्यांच्या खुराड्याला लावायला नेलं. ते मला तेव्हाही बरं वाटलं नव्हतं. महिनाभरानं दौलतभाऊ सायकल काढून मुद्दाम ते दार पाहायला गेले. संध्याकाळी परत आल्यावर मी विचारलं, कसं आहे?

"चांगलं लागते. कोंबड्या काच खालीवर करू देत नाहीत, एवढंच."

राहिला तो एक्सल. तो पहिल्या प्रतीचा होता. त्याच्यासाठी दौलतभाऊंनी अट घातली की तो पिकअपलाच लागला पाहिजे, आणि तीही चालणाऱ्या पिकअपला. एका ओळखीच्या माणसाला तो ट्रॉलीसाठी हवा होता. घासाघीस न करता पैसे मोजायला तयार होता. दौलतभाऊंनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि नाही म्हणाले.

"ट्रॉलीले लावला तं हा नुसता मागून घसटत जाईन. यानं जिंदगीभर गाडी ढकलली हाय जी."

तो माणूस माझ्याकडे पाहायला लागला. मी पाना उचलून आत गेलो.

*

तशी आम्हाला काही घाई नव्हती. पण मागच्या वर्षी जागामालकानं अर्धी जागा परत मागितली, शेडची बाजू धरून. दिवाळीपर्यंत रिकामी करायची. उन्हाळ्यात ट्रक लावले आणि वीस वर्षांचं जुनं लोखंड वजनावर गेलं. शेवटचा ट्रक दिवाळीच्या आधी येणार होता. तोवर एक्सलला गाडी मिळाली नाही, तर तोही भट्टीत जाणार हे उघड होतं. दौलतभाऊंच्या मुलानंही नागपूरहून फोनवर तेच सांगितलं. दौलतभाऊ फोनवर हो हो म्हणाले आणि फोन ठेवून एक्सलला तेल लावायला बसले.

त्याच दिवसांत एक साहेब आले. नागझिऱ्याच्या जंगलालगत त्यांचा रिसॉर्ट व्हायचा होता. शेडमध्ये शिरताच त्यांनी एक्सल पाहिला आणि म्हणाले, वा! त्यावर जाड काच ठेवून हॉलमध्ये टेबल करायचा त्यांचा विचार होता. दौलतभाऊंनी विचारलं, त्या टेबलावर काय करणार? साहेब म्हणाले, पाहुणे कॉफी पितील, फोटो काढतील.

दौलतभाऊ पाने जागेवर लावायला वळले. साहेबांना वाटलं भाव कमी पडतोय, त्यांनी तो दुप्पट केला. मग जरा वाकून एक्सलवर बोट फिरवलं, बोटाला तेल लागलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "हा गंजलेला नाही का?"

इतकी वर्षं आम्ही त्याला गंज चढू नये म्हणून जिवापाड जपलं होतं आणि या माणसाला गंज हवा होता! दौलतभाऊंनी त्यांना हाताला धरून मागच्या बाजूला नेलं. तिथं एका मेलेल्या ट्रॅक्टरचा एक्सल नाल्यात पडून होता, लाल झालेला, वर वेल चढलेली. साहेब हरखून गेले. वेलीसकट न्यायचा म्हणाले. तो लोखंडाच्या भावात देऊन दौलतभाऊंनी वेल फुकट दिली.

*

दसऱ्यानंतर कोंढ्याचा एक शेतकरी आला. त्याच्याकडे तशीच जुनी पिकअप होती, एक्सल तुटलेला. आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. मी म्हटलं, माप आणलंय का? तो म्हणाला, आणलंय, सात वीत.

आता वीत म्हणजे कोणाची? त्याची मी मोजून पाहिली, तर तो म्हणाला, माझी नाही, बाबांनी मोजलं. बाबा कुठं? कोंढ्याला! दौलतभाऊंनी त्याला सांगितलं, मंग बाबाले घेऊन या.

दुसऱ्या दिवशी दोघं बसनं आले. बाबा ऐंशीच्या घरातले, मफलर बांधलेले. सकाळचे नऊ वाजले होते आणि चांगलीच थंडी होती. म्हातारबांनी एक्सलवर वीत टाकत नेली. सात झाल्या आणि वर पाच बोटं उरली. म्हणजे आमचा एक्सल मोठा. मॉडेल वेगळं, बसणार नव्हता. दौलतभाऊंचं तोंड उतरलं.

म्हातारबा मात्र शांतपणे हातावर हात चोळत होते. "थंडीनं हात आखडले जी. दुपारा मोजला तं बरोबर भरन."

त्यांच्या समाधानासाठी दुपारपर्यंत थांबलो. ऊन आलं, चहा झाला, त्यांनी पुन्हा मोजलं. चार बोटं उरली. जाताना म्हणाले, "पाहा, एक बोट तं कमी झालं."

*

आणि मग, शेवटचा ट्रक यायला आठ दिवस असताना, सानगडीचे नीलकंठजी आले. धान आणि भाजीपाला करणारा माणूस. आठवड्याच्या बाजाराला स्वतःची पिकअप घेऊन साकोलीला येणारा. पिकअप तीच, अगदी त्याच मॉडेलची. तिच्या एक्सलचे दाते मोडले होते आणि ती ट्रॅक्टरला बांधून आमच्या दारात आणली होती. मी टेप लावून मोजलं, दोनदा मोजलं. बरोबर बसत होता.

दौलतभाऊंनी भाव सांगितलाच नाही. तुमच्या मनानं द्या म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडून हे ऐकलं.

नीलकंठजींची एक मागणी होती. शेतात बांधीचे बांध ओलांडताना गाडी खालून घासते, म्हणून जरा उंच करून पाहिजे. ते सोपं होतं. या गाडीचे कमानपाटे, म्हणजे भार झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, एक्सलच्या खालून जातात. ते वरून घेतले की गाडी वीतभर उचलते. पण पाट्यांची बैठक एक्सलला खालच्या बाजूनं जोडलेली. कापा, पुन्हा वेल्डिंग करा, एवढं कोण करणार? मी डोकं चालवलं आणि एक्सलच उलटा बसवला.

गाडी मस्त उंच झाली. नीलकंठजी खुशीत बसले, पहिला गियर टाकला, आणि गाडी मागं गेली. त्यांना वाटलं चुकून रिव्हर्स पडला. पुन्हा पहिला टाकला, पुन्हा मागं. दुसरा, तिसरा, सगळे मागं. रिव्हर्स टाकल्यावर तेवढी पुढं आली. एक्सल उलटा झाला की चाकं उलटी फिरतात, हे तेवीस वर्षांच्या मिस्त्रीला सुचलं नव्हतं.

मला तोंड दाखवायला जागा नव्हती. नीलकंठजी खाली उतरले, चाकाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "घरी जाले तं चालन मिस्त्री, तोंड सानगडीकडं फिरवाची गरज नाही. पण बाजाराले येऊ कसा?"

दौलतभाऊ हसले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. वहिनी गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. त्या हसण्यासाठी मी आणखी चार एक्सल उलटे बसवले असते.

*

आता शेवटचा.

दुसऱ्या दिवशी मी बैठक कापली, वेल्डिंग केलं, एक्सल सरळ बसवला. ट्रायल घ्यायला निघालो तेव्हा दौलतभाऊ मागच्या डाल्यात, माल ठेवायच्या जागी, चढून बसले. नीलकंठजी चालवत होते, मी बाजूला. सानगडी रोडला तलावापर्यंत गेलो. गाडीनं वेग घेतला तसा मागून बारीक आवाज यायला लागला, घरघंटी दूर कुठं चालू असावी तसा. मी ओळखलं. डब्यातलं एक बेअरिंग घासलेलं होतं. शेडमध्ये हातानं फिरवून ते कळलं नव्हतं.

परत आल्यावर मी नीलकंठजींना म्हटलं, दोन दिवस ठेवा, बदलून देतो. त्यांना दुसऱ्या दिवशी बाजार होता, नंतर पाहू म्हणाले आणि गेले. दौलतभाऊ रस्त्यावरच उभे होते.

"हा जुनाच आवाज हाय नत्थू," ते म्हणाले. "तवा पण होता. दुकान झाल्यावर कमल एकटीच गाडी नेये, रस्त्याच्या मोडावर आली का मले घरी ऐकू ये. मंग मी चहा मांडत होतो."

शेवटचा ट्रक आला, उरलेलं लोखंड घेऊन गेला. अर्ध्या जागेत आमचं दुकान सुरू राहिलं. नीलकंठजी दर बाजाराच्या दिवशी आमच्यापुढून जायचे. दौलतभाऊ कामात असायचे, मान वर करायचे नाहीत. गाडी दिसायच्या आधीच म्हणायचे, "नीलकंठ आला."

उन्हाळ्यात ते चार दिवस मुलाकडे नागपूरला गेले. नेमके तेव्हा नीलकंठजी आले. तो आवाज डोक्यात जाऊन राहिला, आता बदलूनच द्या म्हणाले. मी डबा खोलला, नवीन बेअरिंग टाकलं, दात्यांचं अंतर मनासारखं बसवलं. गाडी तलावापर्यंत नेऊन आणली. मागून जराही आवाज नाही. इतकं चोख काम माझ्या हातून क्वचितच झालं असेल. दौलतभाऊ आले की सांगायचं असं ठरवलं होतं, मग राहून गेलं.

पुढचा बाजाराचा दिवस. दौलतभाऊ रस्त्याकडे पाठ करून डब्यातले नटबोल्ट निवडत बसले होते. मी समोर. अकराच्या सुमारास नीलकंठजी गेले, वांग्यांची पोती भरलेली, मला हात करून.

बारा वाजले. एक वाजला. दौलतभाऊंनी हातातला बोल्ट डब्यात टाकला आणि मला विचारलं, "आज नीलकंठ काहून नाही आला गा?"