मॅडमच्या भिंतीवरचं उखळ

मी वसईची. नवरा गेल्यावर मस्कतला एका इंग्रज कुटुंबाकडे स्वयंपाकाला लागले. नव्वदच्या पुढची दोन-तीन वर्षं असतील. घर मस्कतच्याच बौशर भागात होतं. हॉलमध्ये टीव्हीच्या वर एका दगडी उखळाचा फोटो फ्रेम करून लावलेला. महिनाभर दम धरला, मग मोडक्या इंग्रजीत विचारलंच, "मॅडम, तुमच्या आजी यात काय कुटायच्या?"

मॅडम हसून हसून सोफ्यावर पडल्या. ते त्यांच्या गावच्या चर्चमधलं बाप्तिस्म्याचं कुंड होतं, सात-आठशे वर्षांपूर्वीचं. घराण्यातलं प्रत्येक मूल त्यात न्हालेलं. आता मी ख्रिस्ती, मला कळायला हवं होतं. पण आमच्या चर्चमधल्या कुंडावर कायम लाकडी झाकण असायचं, आणि माझ्या पोरांच्या बाप्तिस्म्याला माझं लक्ष पाहुण्यांच्या जेवणावर होतं.

पुढच्या वर्षी मॅडमना मुलगी झाली. बाप्तिस्मा गावीच करायचा ठरला होता. पण साहेबांची रजा रद्द झाली, तेव्हा मॅडमची आईच इकडे यायला निघाली. मस्कतमध्येच रुवीला ज्या हॉलमध्ये त्यांची प्रार्थना व्हायची, तिथे कुंड नव्हतं. स्टीलचं भांडं ठेवायचे.

मॅडम किचनमध्ये येऊन रडायला लागल्या. "आई बोलणार काही नाही, आंटी. पण तिला फार लागेल. आमच्यातली ही पहिलीच, दगडाशिवाय."

मला रडारड सोसत नाही. म्हटलं, "दगडच हवा ना? या देशात दुसरं आहे काय?"

त्यांची नजर माझ्या दगडी खलावर गेली.

"त्यात मी रोज मिरची कुटते," मी म्हटलं. "पोरगी अशी बोंबलेल की पाद्री पळून जाईल."

गुरुवारी आम्ही गाडी काढून रुस्ताकच्या बाजारात गेलो. दुकानांत वेलची कुटायचे छोटे खल मिळत होते, त्यात पोरीचा पायसुद्धा मावला नसता. मॅडमचा चेहरा उतरला. तेवढ्यात एका दुकानाबाहेर दोन बकऱ्या पाणी पिताना दिसल्या. दगडी, गोल, अर्ध्या भोपळ्यासारखं भांडं. मी दुकानदाराला हिंदीत विचारलं.

"ये बेचने का नहीं," म्हातारा म्हणाला. "मेरी बकरी का है."

"बच्ची को नहलाना है. चर्च में."

त्यानं मॅडमच्या कडेवरची पोरगी बघितली. तिनं त्याची दाढी धरली. "खलास! ठीक है, ले जाओ," म्हणाला. बकऱ्यांसाठी मॅडमनी प्लास्टिकचा मोठा टब घेऊन दिला. बकऱ्यांनी तो हुंगला आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारभर मी ते भांडं चुन्याच्या दगडासारखं पांढरं होईपर्यंत घासलं. तिकडे सुट्टी शुक्रवारी, म्हणून प्रार्थनाही त्याच दिवशी; पुढच्या शुक्रवारी ते रुवीच्या हॉलमध्ये टेबलावर ठेवलं. मॅडमची आई काठी टेकत आली, उभी राहिली, काठावरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, "हे आधी कशासाठी होतं?"

मॅडमनी माझ्यावर डोळे वटारले. मला खोटं बोलता येत नाही, देवाच्या घरी तर मुळीच नाही. "बकऱ्या पाणी प्यायच्या," मी म्हटलं.

मॅडमनी डोळे मिटले. म्हातारी मात्र इतकी मोठ्यानं हसली की मागच्या बाकावरचे लोक उठून बघायला लागले. मग लेकीला म्हणाली, "अगं, आपल्या गावच्या कुंडातही गायीच प्यायच्या! मधे चर्चवाल्यांनी नवं बसवून ते फेकून दिलं होतं. कित्येक वर्षं एका शेतकऱ्याच्या गोठ्यात पडलेलं, मग परत आणून बसवलं. तुला कधी सांगितलं नाही?"

"नाही!" मॅडम म्हणाल्या.

"मग आता सगळं अगदी बरोबर झालं," म्हणून म्हातारीनं नातीला स्वतः पाद्रींच्या हातात दिलं.

पोर रडली नाही. दोन्ही हात पाण्यात आपटून तिनं पाद्रींचा चष्मा भिजवला, आजीची टोपी भिजवली, आणि माझी नवी साडीसुद्धा.