नानांचा उजवा हात

धुळ्यात कुलूपवाल्या नानांच्या हातची थप्पड खाल्लेली माणसं पुष्कळ निघतील. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या टपरीसमोर पन्नाशीचा एक ट्रकमालक गाल धरून उभा होता. अडकलेल्या कुलपावर त्याने दगड घातला होता आणि आतली पट्टी वाकवून मग ते नानांकडे आणलं होतं. "कुलूपले कसाले मारस रे? त्यानं काय बिघाडं तुन्हं?" नाना ओरडत होते. रस्त्यावरची माणसं हसत होती. ट्रकमालक हसत नव्हता, त्याच्या ओठातून रक्त येत होतं.

हा राग त्यांच्या घरातही शिरला होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, भाकरी करपली म्हणून त्यांनी बायकोच्या, म्हणजे अक्कांच्या, डाव्या कानाखाली अशी मारली की त्या कानाने अक्कांना पुन्हा कधी ऐकू आलं नाही. हे मला नानांनी स्वतःच सांगितलं, किल्लीवर कानस चालवता चालवता, मान वर न करता. त्यानंतर अक्कांवर त्यांचा हात उठला नाही. त्यांच्याशी बोलायचं असलं की ते उठून त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसत. मी त्यांना माफ करण्याचा प्रश्न नव्हता. अक्कांनी केलं होतं का, तेही मी कधी विचारलं नाही.

मी त्यांच्याकडे गेले ती बाबांच्या अ‍ॅम्बेसिडरसाठी. बाबांनी गाडी माझ्या नावावर केली होती, पण किल्ल्या कुठे ठेवल्या ते सांगायच्या आत ते गेले. बारा वर्षं गाडी शेडमध्ये उभी होती. दारांची कुलपं गंजून घट्ट झाली होती. एक जण म्हणाला, काच फोडा. दुसरा म्हणाला, कुलूप ड्रिलने उडवा. नाना तीन दुपारी आले. कोंबडीच्या पिसाने कुलपात थेंब थेंब तेल सोडत राहिले, मधूनच दाराला कान लावून तार फिरवत राहिले. मी घाई केली तेव्हा म्हणाले, "दम धर ताई. बारा वरीसना राग शे त्याना पोटमा."

तिसऱ्या दुपारी दार उघडलं. आतून बाबांच्या तपकिरीचा वास आला आणि मी शेडमध्येच रडायला लागले. नाना पाठ फिरवून कोऱ्या किल्लीला दात पाडत बसले.

माझ्या थोरल्या भावाला ती गाडी विकायची होती. जुन्या गाड्या जमवणारं एक गिऱ्हाईक त्याने परस्पर ठरवलं होतं. मी नाही म्हटल्यावर तो नानांकडे गेला आणि दुसरी किल्ली करून मागितली. नाना म्हणाले, "किल्ली ताईनी शे. तिले इचार." दादा शिव्या देत परतला.

दोन दिवसांनी दुपारी मी डिकीची किल्ली आणायला गेले, तर दादा दोन माणसांना घेऊन टपरीत होता. एकाने नानांची मान दाबून धरली होती, दुसऱ्याने त्यांचा उजवा हात ऐरणीवर. मी "दादा!" म्हणून ओरडले. त्याने माझ्याकडे पाहिलं. पाहूनही त्याने नानांचीच हातोडी उचलली आणि बोटांवर घातली. एकदा नाही, तीनदा. समोरच्या दुकानाचं शटर कुणीतरी खाली ओढलं. नाना ओरडले नाहीत, त्यांच्या घशातून फक्त घरघर आली. मला मात्र तो हाडांचा आवाज अजून ऐकू येतो.

दवाखान्यात मी त्यांना विचारलं, "उभ्या गावाला मारलंत, त्याला का नाही मारलं? तो आत शिरला तेव्हा तर तुमचे दोन्ही हात मोकळे असतील."

"हातोडी मन्हा हातमाच व्हती ताई. मी उचलता ते तो मरता," ते म्हणाले. "तुन्हा भाऊ शे. जाऊ दे."

अक्का नानांच्या पायाशी बसल्या होत्या. त्यांनी हे ऐकलं की ओठांवरून ओळखलं, कोण जाणे. "काही जाऊ देवानं नही," त्या म्हणाल्या. "तक्रार लिखा. यास्नी नही लिखी ते मी लिखसू."

तक्रार झाली. आईने माझ्याशी बोलणं टाकलं. दादा जामिनावर सुटून आला आणि त्याच दिवशी शेडचं दार लाथांनी मोडून गाडीच्या चारही काचा फोडून गेला. मी खोलीत कडी लावून उभी होते.

नानांची तीन बोटं पुन्हा वळली नाहीत. टपरी बंद करून ते अक्कांसह एरंडोलला लेकीकडे निघाले, तेव्हा इंजिन दुरुस्त करून नव्या काचा बसवलेल्या गाडीतून मीच त्यांना सोडायला गेले. पोहोचल्यावर दार उघडायला त्यांनी सवयीने उजवा हात पुढे केला. बोटं खटक्यावरून घसरली. मी उतरायला लागले तशी त्यांनी मान हलवली आणि डाव्या हाताने, बराच वेळ लावून, दार उघडलं. "येजो कधी," म्हणाले आणि मागे न बघता लेकीच्या ओट्यावर चढले.

मला जायला जमलं नाही. खटला उभा राहण्याआधीच ते गेले. दादाचा वकील घरी येऊन म्हणाला, मार खाणाराच राहिला नाही, आता तुम्ही साक्ष देऊन कशाला घर मोडता? आईही दारात उभी होती. त्या दिवशी किती तरी महिन्यांनी ती माझ्याशी बोलली, "नको जाऊ गं."

मी गेले. न्यायालयात दादा माझ्यापासून चार हातांवर उभा होता. मला विचारलं, आरोपी तुमचा कोण?

"सख्खा भाऊ," मी म्हणाले आणि पाहिलं ते सगळं सांगितलं.