गिरिधरची न दिसणारी नावं

गिरिधर रामटेके कुहीचा. सीताबर्डीवरच्या एका बियाणे कंपनीत टाइपिस्ट. गप्पा मारत बोटं चालवायचा, पण एक अक्षर इकडचं तिकडे व्हायचं नाही. भीती त्याला एकाच गोष्टीची. त्याची आई म्हातारपणी सारं विसरली होती, पोटच्या पोरालाच विचारायची, “तुम्ही कोणाकडले पाव्हणे?”

अठ्ठ्याऐंशी साली कचेरीत कॉम्प्युटर आला. थाट असा, की त्याच्यासाठी गार हवेची वेगळी खोली, चपला बाहेर काढून आत जायचं. सकाळी सुमती नावाची मुलगी बसायची, दुपारी गिरिधर. शेतकऱ्यांची नावं-गावं भरायची.

आता गंमत बघा. गिरिधरनं भरलेली नावं सुमतीला दिसायचीच नाहीत. तो स्वतः बसला की मात्र जिथली तिथं. नावं दाखवायला त्यानं साहेबांना बोलावून आणलं. “काका, राहू द्या, मी चालू करते,” सुमती अदबीनं म्हणाली. चालू केलं, तर गिरिधरनं भरलेलं एकही नाव नाही.

“गार हवेत डुलकी लागत असेल,” साहेब म्हणाले. सगळे हसले. गिरिधरही हसला.

घरी बायकोला म्हणाला, “पंचफुला, मायचा रोग मले लागला वं. जे नाही ते दिसून राहिलं.”

“काहीतरीच तुमचं, अजी.” म्हणाली खरी, पण त्याला एकट्याला बाजारात पाठवणं तिनं त्या दिवसापासून बंद केलं. महिनाभरात नोकरी सोडून दोघं गावी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात सुमती एसटीनं कुहीला आली.

“काका, तुमचं काहीच चुकलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या आत कप्पे असतात. ज्या कप्प्यात उभं राहून प्रोग्रॅम चालू करावा, तिथंच तो नावं ठेवतो, अन् तिथलीच दाखवतो. मी आतल्या कप्प्यातून चालू करायची, तुम्ही बाहेरच्या. परवा घाईत मीही बाहेरूनच चालू केला, तर तुमची सारी नावं समोर.”

गिरिधरनं मान डोलावली. “एवढ्या उन्हाची माही समजूत काढाले आली. गुणाची आहेस.”

“समजूत नाही काका, खरंच सांगते.”

“हो, हो.” मग तो बायकोकडे वळला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “अवं, हे पोरगी तुलेही दिसून राहिली ना?”

पंचफुलेनं सुमतीचा हात धरला आणि त्याच्या हातावर ठेवला.