सायलेन्सरपाशी धरलेला तळवा

दुष्काळात माझा पाण्याचा टँकर खुलताबादचा घाट चढायचा. आमचा मिस्त्री सायलेन्सरपाशी तळवा धरून हुंगायचा आणि इंजिनाचा आजार सांगायचा. ताकद वाढावी म्हणून मी त्याला सायलेन्सरला मोठा पाइप बसवायला आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून जास्त डिझेल सोडायला सांगितलं, तेव्हा तो हसला.

"काका, आवाजानं ताकद वाढली असती, तर टँकर तुम्हीच ओढला असता."

मी दोन्ही कामं दुसरीकडे करून घेतली. घाटात इंजिन तापून बंद पडलं. हंडे घेऊन तिथंच आलेल्या गावकऱ्यांपुढं मी ओरडलो, "आमच्या मिस्त्रीनंच बिघडवलं!"

तो आला. सायलेन्सरच्या तोंडावरून त्यानं तळवा फिरवला, जास्तीच्या डिझेलच्या काजळीनं काळा झालेला तो तळवा फक्त मला दाखवला आणि कामाला लागला. जाताना म्हणाला, "लई दमदार आवाज आहे, काका."

त्याची गिऱ्हाईकं तुटली. चूक माझी होती, हे मला तेव्हा हळू आवाजातही सांगता आलं नाही.