शिंकेवरची गोळी आणि माझा शब्द

माझ्या बायकोने मला भर बैठकीत फसवलं, तेही एका पिवळ्या गोळीने. गोळी डाळीच्या दाण्याएवढी आणि मी गवताच्या गंजीएवढा. तरी आडवा झालो मीच!

भिवंडीजवळच्या शेलार गावात माझा सुक्या गवताचा धंदा. रिकाम्या हाताने सुरू केला आणि भाव करण्याच्या जोरावर मुंबईच्या तबेल्यांपर्यंत नेला. पण देवाची करणी बघा! दिवाळीनंतर गवत कापायला आलं की माझं नाक वाहायचं, डोळे लाल व्हायचे, टाळूला खाज सुटायची आणि शिंका अशा यायच्या की गंजीवरचे कावळे उडून जायचे. (गवताच्या व्यापाऱ्याला गवताचंच वावडं! हलवायाला साखर सोसू नये, तसं.)

धंद्यात मात्र शिंक कामाला यायची. आमच्याकडे बोलणं सुरू होताना कोणी शिंकलं की थांबायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायचं. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितला की मी शिंकायचो. तो पाणी पिऊन जरा वर सरकायचा. (काही शिंका खऱ्याही होत्या.)

नडलं ते मुलीच्या लग्नात. कुंदाला कामतघरच्या एका मास्तरांच्या मुलाचं स्थळ आलं. मला लग्न वैशाखातच हवं होतं; गवत विकून खळं रिकामं झालं की तिथेच मांडव. कुंदाला आधी डी.एड.चं उरलेलं वर्ष पुरं करायचं होतं.

"बाबा, एकच वर्ष!"

"न्हाय म्हंजे न्हाय. माझा शब्द म्हंजे शब्द!"

बायको, म्हणजे जना, नुसतं "बरं" म्हणाली. तिथेच मी सावध व्हायला हवं होतं.

पहिल्या बैठकीत मास्तर म्हणाले, "तर मंडळी..." आणि मी शिंकलो. पाणी झालं. "तर मंडळी..." पुन्हा शिंक! तांब्यावर तांबे रिकामे झाले. शेवटी मास्तरांच्या आत्याबाई उठल्या. "एवढे अपशकुन मी जन्मात पाहिले नाहीत! पुढच्या खेपेला एक जरी शिंक आली, तरी स्थळ मोडलं म्हणून समजा."

मग घरात उपायांची जत्रा भरली. जनाने ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून नाकाशी धरली, नाक भाजलं. निलगिरीची वाफ घेतली. होतं नव्हतं ते पाणी डोळ्यांतून गेलं. हळदीचं दूध प्यायलो. मिशी पिवळी झाली. गवत न्यायला आलेला ट्रकवाला म्हणाला, "सेठ, नाक में सरसों का तेल डालो. जिंदगीभर नहीं छींकोगे." घातलं. त्यानंतर मी असा काही शिंकत सुटलो, की तो गवत न भरताच ट्रक घेऊन पळाला!

दुसऱ्या बैठकीच्या दिवशी जना भिवंडीतल्या औषधाच्या दुकानातून गोळी घेऊन आली. "घ्या. इचारून आनलीय."

घेतली. आणि चमत्कार! नाक उघडलं. कित्येक आठवड्यांनी आल्याच्या चहाचा वास आला. मी मुद्दाम गंजीपाशी जाऊन छातीभर श्वास घेतला. शिंक नाही! मी हात जोडले. थट्टा नाही, खरोखर जोडले. एवढ्याशा दाण्यात एवढी ताकद भरणारा माणूस केवढा असेल!

पाहुणे आले. मास्तर म्हणाले, "तर मंडळी..." सगळीकडे शांतता. आत्याबाई माझ्या नाकावर नजर रोखून बसलेल्या. शिंक नाही! मी समाधानाने लोडाला टेकलो. आमचा लोड इतका मऊ कधीपासून झाला, एवढाच विचार आठवतो.

पुढचं मला नंतर कळलं.

"कुंदाने डी.एड. पुरं करावं, मग लग्न. चालेल ना, शेठ?" मास्तरांनी विचारलं. माझी मान छातीवर आली.

"आणि पुढे तिने नोकरी केली तर?" मान पुन्हा खाली. जरा जोरातच.

आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "अन् लोक उगाच यांना दगड म्हणतात हो!"

जनाने लगेच साखर वाटली. मी जागा झालो, तेव्हा माझ्याही तोंडात साखर होती. म्हणजे ठरलं!

पाहुणे गेल्यावर मी ओरडलो, "मी झोपलो व्हतो!"

"मग जा, सांगा मास्तरांना. लेकीच्या बैठकीत झोपलो व्हतो म्हनून."

कुंदा दाराआडून माझ्याकडे बघत होती. श्वास रोखून. मी गेलो नाही.

गेलो तो औषधाच्या दुकानात. दुकानदार म्हणाला, "शेठ, मी वहिनींना बजावलं होतं. अर्धीच द्या, झोप येते, गाडी चालवू देऊ नका."

मी तसाच घरी. "अख्खी का दिलीस?"

"अवो, तुमाला अर्ध्यावर कधी भागलंय? आन् तो गाडी चालवू नका म्हनला. बैठक चालवू नका असं न्हाय म्हनला."

जन्मभर गिऱ्हाइकं गुंडाळली, पण असा सौदा मला कधी जमला नाही. एक गोळी, आणि समोरच्याच्या तोंडात साखर!

कुंदा आता शाळेत शिकवते. गवताच्या दिवसांत माहेरी आली की माझ्यासाठी गोळी आणते, अर्धी मोडून. पण म्हणून मी विसरलेलो नाही. या फसवणुकीचा जाब मला हवा आहे. बायकोने द्यावा, लेकीने द्यावा, नाहीतर गोळी बनवणाऱ्याने द्यावा. पण कोणीतरी द्यायलाच हवा! फक्त काय तो सकाळी द्या. दुपारच्या गोळीनंतर मी कशालाही मान डोलावतो.