डी बिंदू नसलेली सिद्धता

भूमितीचे पेपर मी झपाझप तपासते असा माझा शाळेत लौकिक होता, आणि मला त्याचा अभिमानही होता. मुलं गाइडमधल्या सिद्धता पाठ करतात आणि जशाच्या तशा उतरवून काढतात, हे एकदा ठाऊक झाल्यावर वाचायचं ते काय? आकृती बघायची, रचना लिहिलीय का बघायचं, शेवटी ‘बाकोबा’ आलंय का बघायचं. बाजू, कोन, बाजू या कसोटीचं हे लाडकं नाव. ते दिसलं की गुण द्यायचे आणि पान उलटायचं.

आमची शाळा हडपसरला. बाकीचे वर्ग सेमी-इंग्रजी झाले, पूर्ण मराठी माध्यमाची नववीची एकच तुकडी उरली आणि ती माझ्याकडे आली. मी राहते पेठेत. तिथून रोज दोन बस बदलून येताना बरोबर डबा आणते आणि जीभही आणते, असं आमच्या शिक्षकांच्या खोलीत म्हणतात. खोटं नाही ते.

त्या तुकडीत एक मुलगी होती. वडिलांना इथल्या कारखान्यात काम मिळालं म्हणून दोन वर्षांपूर्वी घरचे सगळे वर्ध्याकडून आले होते. आल्या आल्या वर्गात तिच्या तोंडून ‘मले’ निघालं आणि पोरं खो खो हसली. तेव्हापासून ती विचारल्याशिवाय बोलत नसे. विचारलं तरी कमीच. मला ती शांत मुलगी वाटायची. शांत मुली शिक्षकांना फार सोयीच्या असतात.

सहामाहीत मी चार गुणांना एक प्रमेय घातलं होतं. त्रिकोणाच्या दोन बाजू समान असतील तर त्यांच्यासमोरचे कोनही समान असतात, हे सिद्ध करा. पुस्तकात वरच्या कोनाचा दुभाजक काढतात, तो पायाला डी बिंदूत मिळतो, त्रिकोणाचे दोन त्रिकोण होतात आणि बाकोबाने ते एकरूप ठरतात. या मुलीच्या आकृतीत डी नव्हताच. दुभाजकही नव्हता. होता तो एकच त्रिकोण, आणि खाली लिहिलं होतं, ‘त्रिकोण एबीसी आणि त्रिकोण एसीबी यांमध्ये’. मी तिथेच थांबले. लाल फुली मारली, शून्य दिलं आणि शेजारी लिहिलं, ‘दुसरा त्रिकोण शेजाऱ्यांकडून आणणार का?’ लिहिताना स्वतःशीच हसले, हेही सांगून टाकते.

पेपर वाटले त्या दिवशी मधल्या सुट्टीत ती शिक्षकांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

“मॅडम, याच्यात चुकलं कुठं?”

“अगं, त्रिकोण एकच आहे.”

“हो. पण चुकलं कुठं?”

मी डबा उघडत होते. म्हटलं, “पुस्तकात आहे तसं लिहावं. आपली अक्कल दहावीनंतर.”

तिने मान हलवली. “बरं. मग आता गाइडातलंच पाठ करते,” म्हणाली आणि पेपर टेबलावर ठेवून निघून गेली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही, तिने फक्त ठरवून टाकलं. एका मुलीने माझ्यादेखत विचार करणं सोडून दिलं होतं आणि मी पोळीचा तुकडा मोडत होते.

डबा बाजूला सारला. मी पेपर ओढला आणि चुकीची ओळ शोधायला बसले. बाजू एबी आणि बाजू एसी समान, कारण पक्ष. कोन ए आणि कोन ए समान, कारण सामाईक. बाजू एसी आणि बाजू एबी समान, कारण पक्ष. म्हणून बाकोबाने एबीसी आणि एसीबी एकरूप. म्हणून कोन बी आणि कोन सी समान. पुन्हा वाचलं. ऑफ तासाला आणखी एकदा वाचलं. चूक सापडली नाही, कारण चूक नव्हती. पुस्तकापेक्षा छोटी आणि नेटकी सिद्धता होती ती. मला मनापासून लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्या पाच ओळी फळ्यावर लिहिल्या. वर्गाला म्हटलं, “याला मी शून्य दिलंय. चूक कोणती ते दाखवा. नुसतं चूक म्हणायचं नाही, कितवी ओळ ते सांगायचं.”

“बाई, ट्रँगल एकच आहे. चीटिंग आहे ही,” पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला.

“कितवी ओळ?”

तो ओळी पुन्हा वरपासून वाचायला लागला. मग मी तिला पुढे बोलावलं. ती आली आणि उभीच राहिली. आता पुन्हा कुणी हसलं, तर ही पोर कायमची मिटणार, या धास्तीने मी वर्गावर डोळे वटारले. तिने माझ्या हातातून पेपर घेतला, खिडकीशी गेली आणि कागद पाठमोरा करून उजेडात धरला. आमचा परीक्षेचा कागद इतका पातळ की शाई आरपार दिसते.

“पहा. मागून दिसून राहिलं. बी होता तिथं सी आला, सी होता तिथं बी. पण त्रिकोण तर तोच बसते. परीक्षेत पान पलटवताना मले दिसलं.”

मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. “गप ए, बघू दे ना,” शेजारची मुलगी त्याच्यावर खेकसली. मग एकेक जण आपला पेपर घेऊन खिडकीशी आला.

एकाने विचारलं, “आणि दोन साइड्स सेम नसतील तर?”

“मग उलटा केला का बसतच नाही त्याच्यावर,” ती म्हणाली. तिला विचार करावा लागला नाही.

मी वर्गासमोर माफी मागितली. “तिचं बरोबर होतं. मी न वाचता शून्य दिलं,” म्हटलं, शून्य खोडलं आणि चार गुण दिले. गुण बदलायला लागणारी मुख्याध्यापकांची सही मी आणणार होते. तिने पेपर घेतला आणि जागेवर न जाता तिथेच उभी राहून सगळा वाचला.

“मॅडम, शेवटच्या ओळीचं कारण नाही लिहिलं मी. एकरूप त्रिकोणांचे संगत कोन. अर्धा गुण कापा.”

इतक्यांदा वाचूनही ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. मी लाल पेन उघडलं आणि चाराचे साडेतीन केले. इतक्या आनंदाने मी आजवर कुणाचे गुण कापले नव्हते.