उशिरा येणारं ‘होय महाराजा’

शिमग्याला ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. आमच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, टेकली की गावचा मानकरी असलेला गावकर हात जोडून घरासाठी गाऱ्हाणं घालतो, आणि त्याच्या प्रत्येक मागण्यामागे पुरुषांनी ‘होय महाराजा!’ म्हणून ओरडायचं. आमच्या घरात खरा आवाज दादाचा. तो बोटीवर नोकरीला लागला आणि शिमग्याची सुट्टी कायमची गेली.

चार वर्षांपूर्वी आई म्हणाली, “फोनवर तरी दाखव की त्याला पालखी.”

मी भडकलो. देवाला व्हिडिओ कॉल? उद्या कौलही मोबाईलवर लावा म्हणावं! पण गावकर म्हातारा मिशीतल्या मिशीत हसला. “मास्तर, देव काय रेंजच्या भायेर हाय? धर तो फोन.”

धरला. पहिलं मागणं झालं, आम्ही सगळे ओरडलो, आणि सगळं शांत झाल्यावर फोनमधून, बोटीवरच्या रेंजमुळे उशिराने, एकट्या दादाचं ‘होय महाराजा!’ आलं. पोरं फिदीफिदी हसली. आईने पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या वर्षापासून गावकर आमच्या दारात थांबायला लागला. मागणं घालायचं, आमचं ऐकायचं, मग डोळे मिटून दादाची वाट बघायची. ढोलवालेही थांबतात. कुणी बैठक घेतली नाही की ठराव केला नाही, आपसूक रीत पडली.

खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटायचा. वर्षभर आईची औषधं मी आणायची, डॉक्टरकडे मी न्यायचं, आणि शिमग्याला तिचे डोळे त्या फोनवर! पण दादा मलाही हवा होता. पालखीच्या एकाच दांड्याला आम्ही दोघं खांदा द्यायचो, तो पुढे, मी मागे. अजूनही खांदा देताना मी समोर त्याची मान शोधतो.

यंदा आईला उभं राहवेना, म्हणून खळ्यात खुर्ची टाकली. फोन लागला, दादा दिसला. शेवटचं मागणं आलं, “बा देवा, हिचं लेकरू पाण्यावर हाय. फुडल्या शिमग्याला त्याला ह्या खळ्यात उभा कर रे म्हाराजा!”

आम्ही ओरडलो. गावकर डोळे मिटून थांबला. फोनमध्ये दादाचं चित्र गोठलं होतं, तोंड अर्धवट उघडं. “दादा, ऐकू येतंय का? अरे बोल ना!” मी फोन हलवला, वर धरला. काही नाही. गावकर पुढे सरकेना.

“होय महाराजा.”

आवाज खुर्चीतून आला होता. बारीक, कापरा. आमच्याकडे बायका हे म्हणत नाहीत. आई तर आयुष्यभर दाराआडच उभी राहिलेली. गावकराने डोळे उघडले.

“आयकलं हो देवानं,” गावकर म्हणाला, आणि ढोल सुरू झाले.

मी फोन खिशात टाकणार, तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं.

“ठेवू नको रे,” ती म्हणाली. “त्याचं यायचंय अजून.”